शब्द कुठे मोडायचा

बाबांनी उभ्या आयुष्यात इंग्रजीचं एक वाक्य धड बोललेलं मला आठवत नाही. पण इंग्रजी शब्द कुठे मोडायचा, हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं. ते जुळारी होते, म्हणजे छपाईसाठी धातूची सुटी अक्षरं, खिळे, जुळवणारे. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात, डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, धरून उजव्या हाताने केसमधला, म्हणजे खणांच्या पेटीतला, एकेक खिळा उचलत त्यांनी पस्तीस वर्षं काढली. मराठी मजकूर (छापखान्यात त्याला कॉपी म्हणतात) ते वाचत वाचत जुळवायचे. मध्येच हसायचे, मध्येच लेखकाच्या नावाने बोटं मोडायचे. इंग्रजी आला की मात्र नुसते बघत बघत जुळवायचे. "इंग्रजीला खण कमी, म्हणून डोक्याला ताप कमी," असं त्यांचं म्हणणं. देवनागरीची केस म्हणजे जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार असा काही शे खणांचा पसारा. त्यापुढे सव्वीस अक्षरांची भाषा म्हणजे त्यांना सुट्टीच वाटायची.

अडायचं ते ओळीच्या शेवटी. ओळ भरत आलेली असते आणि शब्द अर्धा आत, अर्धा बाहेर. फोरमनने त्यांना नियम शिकवला होता: हायफनच्या मागे दोन खिळे तरी हवेत, पुढे तीन तरी हवेत, आणि शंका आली तर शब्द मोडायचा नाही, ओळ सैल करायची. सैल करायची म्हणजे शब्दाशब्दांत पातळ स्पेस घालून पसरवायची. एकदा त्यांना शंकाच आली नाही आणि घात झाला. एका गाइडात 'नोव्हेअर' हा शब्द त्यांनी मोडला तो 'नाऊ' वरच्या ओळीत आणि 'हिअर' खालच्या ओळीत असा. मागे तीन, पुढे चार, नियमाला धरून अगदी चोख. फक्त 'कुठेच नाही'चं 'आत्ता, इथे' झालं. गाइड लिहिणारे प्राध्यापक प्रूफ हातात घेऊन छापखान्यात आले आणि ओरडायच्या ऐवजी पोट धरून हसले. बाबांना ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. त्या रात्री त्यांनी आईला विचारलं, "एका शब्दाच्या पोटात दोन शब्द आहेत, हे बाहेरून कळायचं कसं?" आईने त्यांच्या पानात आमटी वाढली.

पुढे मी इंग्रजी शिकवायला लागले. बाबांच्या प्रश्नाला निम्मं उत्तर मिळायला मला तरीही बरीच वर्षं लागली.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते आलं २००० साली, तेव्हा मी फळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. पाचवीत स्पेलिंग पाठ करायची एकच रीत होती, शब्दाचे तुकडे करायचे आणि हेल काढून म्हणायचे. 'टुगेदर' म्हणजे 'टू-गेट-हर'. 'नॉलेज' म्हणजे 'क्नो-लेड-गे'. बुधवार म्हणजे 'वेड-नेस-डे'. चाळीस पोरं एका सुरात 'वेड-नेस-डे' म्हणायची तेव्हा खरोखर वेड लागायची पाळी यायची. या रीतीला मी नंतर खूप नावं ठेवली. पण 'वेन्सडे'च्या बाबतीत माझं तोंड बंद झालं. तो शब्द मुळात जोडशब्दच आहे, वोडेन नावाच्या जुन्या देवाचा वार. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो 'वोड्नेसडॅग' होता. म्हणजे जे अक्षर आज इंग्रज माणूस गिळून टाकतो आणि फक्त लिहिताना सांभाळतो, ते आम्ही पुण्याची पोरं ठणठणीत उच्चारत होतो. रोमन लोकांचा हा बुध ग्रहाचा वार. त्यांच्या मर्क्युरीच्या जागी उत्तरेकडच्यांनी आपला वोडेन बसवला. आमच्याकडे बुध बुधच राहिला आणि त्याच्या नावाची पेठ वसली.

सव्विसाव्या वर्षी मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश कौन्सिलच्या ग्रंथालयाची सभासद झाले. तिथे एकदा एका ब्रिटिश बाईंशी बोलायचा प्रसंग आला. मी मनातल्या मनात जुळवून ठेवलेलं वाक्य टाकलं, "आय ॲम ॲन इंग्लिश टीचर." 'टीचर'वर चांगला जोर दिला. नोकरीचा अभिमान होता. बाईंनी माझी साडी, माझी वेणी पाहिली आणि डोळे मिचकावत विचारलं, इंग्लंडमध्ये कुठल्या भागातल्या? मला काही कळेना. मग त्यांनीच समजावलं. जोर 'टीचर'वर पडला तर अर्थ होतो शिक्षिका आहे आणि ती इंग्रज आहे. जोर 'इंग्लिश'वर पडला आणि 'टीचर' खाली उतरला, तर ती इंग्रजी विषयाची शिक्षिका. लिहायचं दोन्हीकडे सारखंच. चार वर्षं मी वर्गावर्गात स्वतःची ओळख इंग्लंडची रहिवासी म्हणून करून देत होते आणि एकाही पोराने हरकत घेतली नव्हती, कारण त्यांचे कानही माझ्यासारखेच.

त्याच ग्रंथालयात डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश होता. पहिली आवृत्ती १९१७ची. भांडारकर संस्थेचा जन्मही त्याच वर्षीचा, म्हणून साल डोक्यात राहिलं. त्या कोशात अर्थ नाहीतच, नुसते उच्चार. ज्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या एका दमात म्हणायच्या तुकड्यावर, जोर, त्याच्या आधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ. मी महिनाभर त्या रेघांमागे लागले आणि मग हळूहळू लक्षात आलं की दोन शब्द चिकटून एक झाले की इंग्रज बहुधा पहिल्यावर भार देतो आणि दुसऱ्याला झरकन उरकतो. 'ब्लॅक'वर जोर देऊन 'ब्लॅकबर्ड' म्हटलं की तो एका ठरावीक जातीचा गाणारा पक्षी. दोघांना सुटं ठेवून 'बर्ड'वर भार दिला की कुठलाही काळा पक्षी, मग लकडी पुलावरचा कावळादेखील. गंमत म्हणजे ब्लॅकबर्डची मादी तपकिरी असते. 'तपकिरी ब्लॅकबर्ड' असं म्हणताना इंग्रज माणूस जराही अडखळत नाही, कारण जोर पहिल्या पदावर सरकला त्या क्षणी 'काळा' हा रंग उरलाच नाही, नुसतं नाव झालं. तसंच 'ग्रीनहाउस', तसंच 'व्हाइट हाउस'. यातला एक शब्द जोडून लिहितात, दुसरा तोडून. काही शब्दांमध्ये हायफन असतो, काहींत एका कोशात असतो आणि दुसऱ्यात नसतो. लिहिण्यावरून काहीही कळत नाही. बाबा ज्या बाहेरून बघत होते तिथे उत्तर नव्हतंच.

आता यात मला नवल वाटायचं काही कारण नव्हतं, कारण असलीच गोष्ट मी लहानपणी वाड्यात ऐकली होती.

आमच्या वाड्यात मागच्या खोलीत एक वैदिक गुरुजी राहायचे. सकाळी चार मुलं त्यांच्याकडे संथा घ्यायला यायची. स्वर चुकला की गुरुजी हाताने वर-खाली दाखवायचे, आणि फारच चुकला की वृत्राची गोष्ट सांगायचे. त्वष्ट्याच्या मुलाला इंद्राने मारलं. त्वष्टा चिडला आणि इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने उरलेला सोम अग्नीत ओतला. मंत्र म्हटला, 'इन्द्रशत्रुर्वर्धस्व'. शत्रू म्हणजे इथे मारणारा. 'इंद्राचा मारणारा वाढो' असं त्याला म्हणायचं होतं. तो झाला तत्पुरुष, आणि तत्पुरुषात उदात्त स्वर, म्हणजे चढा सूर, शेवटी यायला हवा. रागाच्या भरात त्याने उदात्त घेतला पहिल्या अक्षरावर. झाला बहुव्रीही, म्हणजे 'इंद्र ज्याचा मारणारा आहे, तो'. वृत्र जन्मला, वाढला आणि इंद्राच्या हातून मेला. "शब्द तेच, अक्षरं तीच, काना-मात्रेचा फरक नाही," गुरुजी म्हणायचे, "जोर चुकला आणि पोरगा गेला." पतंजलींनी महाभाष्याच्या सुरुवातीलाच, व्याकरण का शिकायचं हे सांगताना, या इंद्रशत्रूचा दाखला दिला आहे.

ही गोष्ट मी विसरले होते. मग त्याच ग्रंथालयात इंग्रजी शब्दरचनेवरचं एक जाडं पुस्तक चाळताना मला रोमन लिपीत 'बहुव्रीही' भेटला. छापखान्यातला माणूस परदेशात भेटावा तसं वाटलं. 'रेडहेड' म्हणजे लाल डोकं नव्हे, तर लाल केस ज्याचे तो माणूस, म्हणून बहुव्रीही. तिकडच्या भाषाशास्त्रज्ञांनी आपल्या व्याकरणातून शब्द उचलले ते भाषांतर न करता, जसेच्या तसे. त्यांच्याकडे द्वंद्व आहे, तत्पुरुष आहे. आणि आम्ही मात्र दहावीच्या मराठीच्या पेपरात समासाला दोन गुण होते म्हणून 'नीलकंठ', 'मीठभाकर' पाठ करून पुढच्या तासाला इंग्रजीच्या वर्गात गेलो, तेव्हा त्यातलं काहीच बरोबर नेलं नाही. कुणी सांगितलंच नाही की बाजूच्या तासालाही तोच माल आहे.

आधुनिक मराठीत जोराने असा अर्थ फिरत नाही. आम्ही प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो. लोकशाही भाषा. इंग्रजी तशी नाही. तिथे एका अवयवावर सगळा भार टाकतात आणि बाकीचे अवयव अंग चोरून उभे राहतात. त्यांचे स्वर झिजून एक पुसट 'अ' उरतो. म्हणून आमचं इंग्रजी त्यांना सगळीकडून सारखं ठोकल्यासारखं वाटतं. जड अवयव आला की नवा शब्द सुरू झाला, असं धरून चालायची इंग्रज कानाला सवय. आम्ही सगळेच जड केले तर त्याने कुठे पकडायचं?

हे मला नीट कळलं ते शिकवून. गेली काही वर्षं मी कोथरूडला घरीच मोठ्या माणसांचे वर्ग घेते. त्यात परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्स बऱ्याच येतात. एक मुलगी होती, साताऱ्याकडची, आठ वर्षं वॉर्डात काढलेली. औषधांची नावं तोंडपाठ, हात हलका, वाक्यं चुकत नसत. आणि तरीही तोंडी सरावाच्या परीक्षेत 'समजायला अवघड' असा शेरा. मी तिला बोलायला लावलं. 'ब्लड प्रेशर' म्हणताना ती 'प्रेशर'वर बसायची. 'पेनकिलर'मध्ये 'किलर'वर. मी म्हटलं, "अगं, पेशंटला 'किलर' एवढंच ऐकू जाईल." ती हसली, पण पुढच्या वेळी परत 'किलर'च आला. वर्षानुवर्षांची सवय सांगितल्याने जात नाही.

मग मी तिला 'स्लीपिंग पिल' आणि 'स्लीपिंग पेशंट' असे दोन शब्द दिले. दोन्हीकडे 'स्लीपिंग' तेच. "मराठीत सांग," म्हटलं. ती म्हणाली, "झोपेची गोळी आणि झोपलेला पेशंट." बघा, मराठीला दोन वेगळी रूपं लागली. इंग्रजीने एकाच रूपात भागवलं आणि फरक जोरावर सोपवला. 'स्लीपिंग'वर जोर दिला की झोपेसाठी गोळी, आमच्या भाषेत चतुर्थी तत्पुरुष. जोर 'पेशंट'वर गेला की झोपलेला असा जो पेशंट तो, म्हणजे कर्मधारय. तिने 'स्लीपिंग पिल' पुन्हा तिच्या पद्धतीने, 'पिल'वर ठोसा देऊन म्हटलं. मी म्हटलं, "आता तुझी गोळी झोपली आहे. तिला उठवू नकोस." ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानंतर तो शब्द तिच्याकडून कधी चुकला नाही. 'वॉकिंग स्टिक'लाही तिने आपणहून विग्रह लावला, "चालण्यासाठी काठी, म्हणून जोर पहिल्यावर, नाहीतर काठीच चालायला लागेल." आठवीतला समास इतक्या वर्षांनी कामाला आला.

तिच्या वहीत मी प्रत्येक शब्दाचे अवयव पाडून देत असे. इथे दुसरं एक लफडं निघालं. आम्ही 'एच' या अक्षराला फार घाबरतो. मराठी शब्द रोमनमध्ये लिहायची सवय असल्याने 'पी-एच' दिसलं की फ, 'टी-एच' दिसलं की थ, 'एस-एच' दिसलं की श. त्यामुळे 'शेपर्ड'चा 'शेफर्ड' होतो. तो मुळात शीप आणि हर्ड, मेंढरं राखणारा, आणि त्यातला 'ह' तर इंग्रजांनीही गिळलेला. 'मिस्-हॅप'चा 'मिशॅप' होतो. 'लूप-होल'चा 'लूफोल' झालेला मी एका व्यासपीठावर ऐकला आहे, वक्ते कायद्यातल्या पळवाटांवर बोलत होते. 'हॅप-हॅझर्ड'चा 'हॅफझर्ड'. सगळीकडे चूक एकच, शिवण जिथे आहे तिथे न उसवता भलत्याच ठिकाणी कापड फाडायचं. जोडशब्दात आधी सांधा शोधायचा, आणि मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना अवयव मोजायचे. 'प' इकडच्या खोलीतला, 'ह' तिकडच्या खोलीतला. मध्ये भिंत आहे.

एका शब्दाला मात्र पुण्यात कुणीही चुकत नाही. 'पॉटहोल.' त्यातही 'टी-एच' शेजारी शेजारी उभे आहेत, पण 'पॉथोल' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. कारण तो शब्द आम्ही पुस्तकातून नाही, पावसाळ्यात दुचाकीवरून, कमरेने शिकलो.

यावरून मला एक खूळ लागलं. आपल्याकडे कानाने आलेले इंग्रजी शब्द आणि डोळ्याने आलेले इंग्रजी शब्द वेगवेगळे काढायचे. आमची आजी कधी शाळेत गेली नाही, पण ती 'पोस्टमन' म्हणायची. 'मॅन' नाही, 'मन'. सोसायटीच्या फाटकावर बसतो तो 'वॉचमन'. इंग्रजही जोडशब्दाच्या शेवटी आलेल्या 'मॅन'चा असाच 'मन' करतात, कारण जोर पहिल्या शब्दाने पळवलेला असतो. आजीचा उच्चार पक्का होता. 'सेल्समॅन' आम्ही छापील जाहिरातीतून घेतला, म्हणून त्यातला 'मॅन' अजून छाती काढून उभा आहे. आणि शिकलेले लोक 'कप-बोर्ड' म्हणतात. कप ठेवायची फळी, हे खरं, पण इंग्रज माणूस कधीचा 'कबर्ड' म्हणतो, त्याला आत कपही दिसत नाही आणि बोर्डही. (आपलं कपाट त्याच्याशी नात्यातलं नाही बरं का. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. पण दोघं शेजारी शेजारी उभे केले की भाऊ वाटतात.) 'ब्रेकफास्ट'चंही तेच. आम्ही त्यात 'ब्रेक' आणि 'फास्ट' दोन्ही घट्ट धरतो, जणू गाडीचा ब्रेक. त्याचं 'ब्रेकफस्ट' झालं तेव्हा उपास सोडणं, पारणं, हा अर्थ मागे राहिला आणि नुसती न्याहारी उरली.

जोर गेलेला अवयव झिजत झिजत शब्दाचाच भाग होऊन जातो, हे मराठी माणसाला सांगायची खरं तर गरज नाही. कुंभकाराचा कुंभार झाला तो असाच. सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार, देवकुलाचं देऊळ. 'कार' कुठे गेला हे कुणी विचारत नाही. इंग्रजीत 'लॉर्ड' हा शब्द एके काळी 'पावाचा राखणदार' असा दोन पदांचा होता. 'विंडो' म्हणजे 'वाऱ्याचा डोळा', तो तर उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी आणून दिलेला. आणि 'नॉस्ट्रिल' म्हणजे नाकाचं भोक, आडवंतिडवं काही नाही. हा नॉस्ट्रिल गाजला तो वेबस्टरमुळे. अमेरिकेत नोआ वेबस्टरने १७८३ साली मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं, त्यात त्याने जुन्या मास्तरांशी भांडण मांडलं. ते मुलांना 'नो-स्ट्रिल', 'बि-शप', 'हॅ-बिट' असे तुकडे पाडायला लावायचे. वेबस्टरचं म्हणणं, तोंडाने जसं म्हणता तसं मोडा. 'नॉस-ट्रिल', 'बिश-अप', 'हॅब-इट'. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर हे भांडण छपाईत अजून दिसतं. 'नॉलेज' ओळीच्या शेवटी मोडायची वेळ आली तर जुन्या वळणाचा ब्रिटिश छापखाना 'नो'पाशी मोडणार, कारण मूळ शब्द तो. अमेरिकन छापखाना 'एल' अक्षर मागे ठेवणार, कारण ऐकू तसं येतं. आमच्या 'क्नो-लेड-गे'ने नकळत ब्रिटिश बाजू घेतली होती.

रविवारी मी कधी कधी कॅम्पात जाते. खरेदी हे निमित्त. तिथे गोऱ्यांनी पाडलेली रस्त्यांची नावं अजून तोंडात आहेत आणि त्यांत एक मजेदार नियम जसाच्या तसा जिवंत आहे. इंग्रजीत 'स्ट्रीट' हा शब्द शेवटी आला की तो बिचारा जोर कधीच घेत नाही. 'ईस्ट स्ट्रीट', 'सेंटर स्ट्रीट', दोन्हींत भार पहिल्यावर. 'रोड' आला की उलट, भार रोडवर. म्हणजे खरा इंग्रज एम. जी. रोडवर चालताना शेवटी जोर देईल आणि वळून ईस्ट स्ट्रीटवर आला की सुरुवातीला. का, याचं पटेल असं कारण मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. खाण्याच्या पदार्थांतही असाच आडमुठेपणा. 'ॲपल पाय' म्हणताना जोर 'पाय'वर, 'ॲपल केक' म्हणताना 'ॲपल'वर. एरवी अमुक घालून केलेलं तमुक असा अर्थ असेल तर जोर बहुधा दुसऱ्या पदावर जातो, 'चिकन सूप', 'हॅम सँडविच'. पुरण घालून केलेली पोळी ती पुरणपोळी, कांदे घालून केलेले पोहे ते कांदेपोहे, तसे हे त्यांचे मध्यमपदलोपी. पण केक आणि ज्यूस या पंगतीला बसत नाहीत. 'ऑरेंज ज्यूस'मध्ये जोर संत्र्यावरच. जिथे नियम असेल तिथे त्याला एक हट्टी भाचा असायचाच.

ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी आहे आणि तिच्यापुढे रांग आहे, हे पुणेकराला सांगणं म्हणजे पर्वतीवर देऊळ आहे हे सांगणं. तिथली 'श्रुसबेरी' बिस्किटं ज्या इंग्रजी गावाच्या नावाची, त्या नावातही जोडकाम आहे. शेवटचं 'बरी' म्हणजे तटबंदीची जागा, आपल्या गढीसारखी. त्याच्यावर जोर नाही, म्हणून तो 'बरी' इतका पुसट की संपलाच. पुण्यात मात्र आम्ही त्याची ठसठशीत 'बेरी' केली आणि कित्येकांना प्रामाणिकपणे वाटतं की त्यात कुठलंतरी फळ असावं. पहिल्या भागावरून तर त्या गावातच दोन तट आहेत, काही 'श्रूझ' म्हणतात, काही 'श्रोझ'. मी एकदा रांगेत पोचल्यावर फार विचार करून 'श्रूझबरी' मागितली. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मागच्या आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्याने म्हटलं, "श्रुसबेरी, अर्धा किलो." पुण्यात पुण्याचंच खरं.

भाचा माझा संगणकातला. त्याने प्रबंध लिहिला तेव्हा ओळीच्या शेवटचे शब्द आपोआप मोडत होते. मी विचारलं, कोण मोडतं? त्याने सांगितलेली गोष्ट बाबांना सांगण्यासारखी होती. स्टॅनफर्डला संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांचे विद्यार्थी फ्रँक लियांग यांनी १९८३ साली यावरच डॉक्टरेट मिळवली. इंग्रजीसाठी ४,४४७ अक्षरबंध, कुठे मोडायचं आणि कुठे मोडायचं नाही ते सांगणारे, आणि उरलेले फक्त चौदा अपवाद. मागे दोन, पुढे तीन हा फोरमनचा नियम तिथेही आहे. त्या चौदांत 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' आहेत. का? कारण नाम असेल तर जोर पहिल्यावर आणि मोडायचं 'एस'नंतर किंवा 'जे'नंतर. क्रियापद असेल तर जोर दुसऱ्यावर आणि मोडायचं एक अक्षर अलीकडे. यंत्राला जोर ऐकू येत नाही. म्हणून त्याने ठरवलं, हे शब्द मोडायचेच नाहीत. ओळ सैल करायची.

बाबा आता शहाऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं, डोळे मात्र अजून प्रूफवाल्याचे. वर्तमानपत्रातला उलटा अवतरणचिन्हाचा खिळा त्यांना लांबून दिसतो, आता खिळे नाहीत तरी ते खिळाच म्हणतात. परवा त्या साताऱ्याच्या मुलीचा परीक्षा पास झाल्याचा फोन आला, आणि मी तिची जुनी वही नव्या विद्यार्थिनीसाठी काढली. टेबलावर उघडीच होती. बाबांनी ती ओढून घेतली. पानभर इंग्रजी शब्द, प्रत्येकाचे पाडलेले अवयव आणि जोराच्या जागी माझ्या लाल पेनाची उभी रेघ.

त्यांनी बोट ठेवलं. "हे स्वराचे खिळे आहेत?"

वाड्यातल्या गुरुजींसाठी त्यांनी एकदा पुरुषसूक्ताची पुस्तिका जुळवली होती. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, डोक्यावर उभी रेघ म्हणजे स्वरित, आणि ज्याला खरा उदात्त म्हणतात त्याच्यावर खूणच नाही, तो कोराच. ते काम त्यांच्या फार डोक्यात बसलं होतं. एक ओळ जुळवायला तास जायचा, म्हणायचे.

"तसंच काहीसं," मी त्यांच्या कानाजवळ जाऊन म्हटलं. "इथे जोर द्यायचा."

"इंग्रजीला?"

"हो."

ते बराच वेळ पान बघत राहिले. मग 'पेनकिलर'वरची रेघ त्यांनी नखाने दोनदा टोकरली, शाई की खिळा ते बघतात तशी, आणि म्हणाले, "आम्हाला कॉपीत ही दिली नव्हती."